गच्चीवर न आलेली माकडं

आमच्या गच्चीवर माकडं कधीच आली नाहीत. ती येतील म्हणून माझी सासू एक वर्ष आणि वर दीड-दोन महिने हातात काठी घेऊन तिथे बसली होती, आणि ती येणार नाहीत हे या घरात फक्त मला माहीत होतं. हे आता लिहून टाकतो. बोलण्यात मी कच्चा. घरात, शाळेत, वाडीत 'मास्तर कमी बोलतात' अशी माझी ख्याती आहे, आणि कमी बोलणाऱ्या माणसाला लोक उगाचच खरा समजतात.

आमचं घर मालवणात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. अंगणात वाळू. तीन माड सोडले तर तिच्यात काही जीव धरत नाही. घरावर साधा स्लॅब आहे, त्यालाच आम्ही गच्ची म्हणतो. तिथे कपडे वाळायचे आणि मे महिन्यात कोकमाची सोलं. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो, बायको आरोग्य केंद्रात नर्स आहे, मुलगी शिकायला बाहेरगावी.

सासूबाईंना आम्ही आई म्हणतो. त्यांचं गाव वैभववाडीच्या पलीकडे, घाटाच्या पायथ्याला. भातशेती, थोडे काजू, घरामागे परडं. त्या परड्यात वर्षभर भाजी असायची. सासरे होते तोवर ते पहाटेपासून पत्र्याचा डबा बडवत माकडं राखत बसायचे. ते गेले आणि माकडांना दोन दिवसांत कळलं, की डबा वाजवणारं कोणी उरलं नाही. पुढची दोन वर्षं आईंनी एकटीने झुंज दिली. भोपळा धरला की गेला, मका धरला की गेला. शेवटी कौलं काढून माकडं माजघरात उतरायला लागली, तेव्हा माझ्या बायकोने आवशीला, म्हणजे आईला, उचलूनच आणलं म्हणायचं. त्यांना दुसरं मूल नाही.

पण लेकीच्या घरात आवशीने रिकाम्या हाताने जेवू नये, अशी त्यांच्याकडची जुनी समजूत. आल्या त्याच तांदळाचं पोतं घेऊन. पोतं अर्ध्यावर आल्यावर त्यांचा घास लहान झाला. मला दिसत होतं. मी काही बोललो नाही, ते माझ्या स्वभावाला धरूनच झालं. एका सकाळी त्या बाजारात गेल्या आणि मासेवाल्यांनी टाकून दिलेले बर्फाचे थर्माकोलचे खोके डोक्यावर घेऊन आल्या. पाच खोके, एकावर एक, दोरीने बांधलेले.

"आई, ह्या काय?" बायकोने विचारलं.

"परडां," त्या म्हणाल्या.

आठवड्याभरात गच्चीवर ते परडं उभं राहिलं. खोक्यांच्या बुडाला त्यांनी तापलेल्या सळीने भोकं पाडली. तळाला नारळाची सोडणं, म्हणजे काथ्याची सालं, पण ती आधी चार पाण्यांत भिजवून, खार काढून. वर माती. माती गावाहून येणाऱ्या टेम्पोतून गोणी-गोणीने आली. रंगाचे डबे, फुटकं वॉशबेसिन, उभी चिरलेली पाण्याची टाकी, त्यांना काहीच टाकाऊ वाटत नसे. समुद्रावरून खारा वारा जोरात आला, की संध्याकाळी त्या प्रत्येक पान गोड्या पाण्याने पुसायच्या. मी अभ्यासक्रमात बाष्पोत्सर्जन शिकवतो. पानाला खार चढला तर त्याचा जीव गुदमरतो हे मला माहीत होतं. पण त्यासाठी रोज पन्नास पानं पुसावीत हे सुचलं नसतं.

जावयाशी त्या समोरासमोर बोलत नसत. लाज म्हणा, रीत म्हणा. लेक घरात असली तर तिच्यामार्फत, "मास्तरांका इचार, चाय घेतले?" मी समोर बसलेलो असायचो. लेक नसली तर झाडांमार्फत. एकदा मी गच्चीचा नळ चालू ठेवून खाली आलो, तर वरून आवाज, "भेंडये, कोणीतरी नळ बंद करूक इसारल्यान गो." मी मुकाट्याने वर जाऊन नळ बंद केला. भेंडीने काही उत्तर दिलं नाही.

आणि किडे. खरं म्हणजे मला लिहायचं आहे ते किड्यांबद्दलच.

समुद्राकाठच्या सिमेंटवर, जिथे चिटपाखरू नव्हतं, तिथे महिन्याभरात एवढे किडे आले कुठून हे मला कोडंच होतं. मावा आला, पांढरी माशी आली, वांग्याच्या शेंड्यात घुसणारी अळी आली. आईंना त्याचं काहीच वाटलं नाही. जणू पाहुणे ठरलेल्या दिवशी आले. सकाळी सहाला त्या वर जायच्या आणि पानं उलटी करून बघायच्या. दुखणेकऱ्याची कूस बदलावी तशी, हलक्या हाताने. चुलीतली राख दवावर चाळणीने धरायची. वांग्याचा शेंडा माना टाकायला लागला, की तो नखाने खुडून साबणाच्या पाण्यात. पिवळ्या रंगाचं जुनं पत्र्याचं झाकण एरंडेल चोपडून काठीला टांगलं. पांढऱ्या माश्या त्यावर जाऊन चिकटायच्या. कारली बोटाएवढी झाली, की प्रत्येकाला जुन्या लुगड्याची पिशवी शिवलेली. लांबून बघितलं तर वेलीवर बाळांची अंगडी वाळत घातल्यासारखी दिसत.

पण एक खोका त्या कधीच साफ करत नसत. कोपऱ्यात, पायरीजवळ. त्यात त्यांनी सगळ्यांच्या आधी चवळी पेरली होती आणि त्या चवळीवर मावा असा, की देठ काळे दिसत. चिकट, ओंगळ. मी एकदा बायकोकडे बोललो, की ती चवळी उपटून टाकायला सांग, सगळीकडे पसरेल. निरोप गेला. उत्तर आलं.

"आई म्हणता, तो त्येंचो वाटो."

"कोणाचो?"

"किड्यांचो. म्हणता, त्येंका त्येंचो वाटो दिलो तर ते आमच्या वाट्यार येनत नाय."

मी हसलो. देवचाराला, म्हणजे वेशीवरच्या भुताला, नैवेद्याची वाडी दाखवतात, कावळ्याला घास ठेवतात, त्यातलाच प्रकार वाटला. विज्ञानाच्या मास्तराने हसावं असंच होतं ते. आणि तोच मास्तर दर वर्षी आठवीच्या मुलांना मित्रकीटक आणि शत्रुकीटक असा तक्ता काढायला लावतो. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा मावा खातो, त्याची काळी काटेरी अळी त्याहून जास्त खाते, हे मी फळ्यावर चित्र काढून सांगतो. त्या कोपऱ्यातल्या चवळीवर त्या काळ्या काटेरी अळ्या डझनांनी फिरत होत्या आणि मी त्यांना कीड समजलो. ओळखल्या नाहीत. फळ्यावरच्या अळीला मी नेहमी पांढऱ्या खडूने काढत आलो होतो.

जानेवारीत आई आणि बायको एका लग्नासाठी गावाला गेल्या, शनिवार-रविवार. लगेच पुढच्या गुरुवारी आमच्याकडे माझ्या भाचीचं डोहाळजेवण होतं. सातवा महिना. आईंनी महिनाभर आधी जाहीर केलं होतं, भाजी बाजारातून आणायची नाही, वांगी माझी, वालाच्या शेंगा माझ्या, तांबडी भाजी माझी. त्यांचा आवाज त्या दिवसांत जरा मोठा झाला होता. जेवतानाही त्या दुसऱ्यांदा भात घ्यायला लागल्या होत्या.

मला त्यांना खूश करायचं होतं. हे खरं आहे, आणि याने काही कमी होत नाही, तरी लिहितो. आमच्या शाळेतल्या एका शिक्षकाची आचऱ्याला आंब्याची कलमं आहेत. मोहोराचे दिवस, सगळीकडे तुडतुड्यांवर फवारण्या चालू. मी सहज विषय काढला, तर त्याने बाटलीच्या तळाशी उरलेलं औषध मला दिलं. "थोडा घाल हां, जोरदार आसा." शनिवारी दुपारी कपड्यांना इस्त्री करताना पाणी मारायची जी फुसफुशी असते, तिच्यात मी ते मिसळलं आणि सगळ्या गच्चीवर फिरलो. कोपऱ्यातल्या चवळीवर सगळ्यात जास्त मारलं. दोनदा. मनात म्हणत होतो, आई येतील आणि बघतील, पान कसं लखलखीत झालंय.

रविवारी सकाळी वर गेलो. मावा मेला होता. चवळीखालच्या सिमेंटवर काळ्या काटेरी अळ्या पसरल्या होत्या, आणि त्यांच्यात लाल पाठीचे ठिपकेवाले किडे, उताणे. तेव्हा मला तक्ता आठवला. वालाच्या फुलांखाली मधमाश्या पडल्या होत्या. एक अजून पाय हलवत होती. वांग्याच्या पानामागे एक हिरवा खंडोबाचा किडा राहायचा, आई त्याला 'राखणदार' म्हणायच्या. तो तसाच हात जोडून वाळला होता.

मग मी बाटली वाचली. फवारणी आणि तोडणी यांच्यात किती दिवस जाऊ द्यावेत ते बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. ते दिवस गुरुवारच्या कितीतरी पुढे जात होते. आणि जेवायला येणारी बाई गरोदर.

आता सरळ माणूस काय करेल? फोन उचलेल आणि सांगेल, की आई, माझ्या हातून असं झालं, भाजी खाण्यासारखी राहिली नाही. त्या चार दिवस रागावल्या असत्या. फार तर बायको मला महिनाभर ऐकवत राहिली असती. मी फोन हातात घेतलाही. पण विज्ञानाचा मास्तर, आणि बाटली न वाचता फवारणी केली, मित्रकीटक ओळखले नाहीत, हे तोंडातून निघेना. मग मला माकडं सुचली. आमच्या जिल्ह्यात भाजी गेली म्हटलं, की माकडं हे उत्तर तयार असतं. पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.

मी ते नीट केलं, हे जास्त वाईट. वेल ओढून तोडले. वांगी, शेंगा सगळं गोणीत भरून बांधलं, घरामागे लपवलं आणि सोमवारच्या घंटागाडीत दिलं. दोन खोके उलटे केले. मिरचीची झाडंही उपटली, नाहीतर तेवढीच उभी राहिली असती. शेवटी मेलेले किडे झाडून काढले आणि कोपरापर्यंत हात साबणाने धुतले, तीन वेळा.

रविवारी संध्याकाळी त्या आल्या. मी दारातच सांगितलं, "गच्चीवर माकडं आली होती." बायको 'अरे देवा' म्हणून वर धावली. आई सावकाश जिना चढल्या. वर उभ्या राहिल्या. मग एक मिरचीचं रोप उचलून बघितलं.

"मिरचेक माकड हात लावणा नाय," त्या लेकीला म्हणाल्या.

मी खाली पडलेला वेल गोळा करायला वाकलो.

"मगे कोण इला आसतला?" बायको म्हणाली.

"माकडांच इली आसतली. मास्तरांनी बघितल्यानी ना? मास्तर खोटां कशाक बोलतले?"

त्या खाली बसल्या आणि उलट्या खोक्यातली माती हातांनी परत भरायला लागल्या. औषधाची माती. मी घाईघाईने म्हणालो, "ती माती नको, माकडं मुतली असतील तिच्यात." त्या दुःखातही त्यांना हसू आलं. पहिल्यांदाच माझ्याकडे बघून, पण बोलल्या लेकीशीच, "मास्तरांका सांग, मुताक भिलो तो शेतकरी न्हय." तरी मी हट्ट धरून ती माती उन्हात पसरून ठेवायला लावली. त्यांना वाटलं, जावई सोवळ्याचा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं गाठोडं बांधलेलं होतं.

"मी घराक जातंय," त्या म्हणाल्या. बायको रडायला लागली. म्हणाली, भाजी काय परत होईल. त्यावर आईंनी जे सांगितलं ते मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभा राहून ऐकलं. "भाजयेचा काय नाय गो बाये. ती माझ्या मागसून इली. थंय माझा घर खाल्ल्यानी, आता हंय इली. तुझ्या घरात माका ती नको. मी परत जातंय, म्हणजे ती पण जातली."

मी सोयीचं म्हणून जे जनावर निवडलं, ते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं नुकसान होतं. हे मला आधी सुचायला हवं होतं. नाही सुचलं. आणि आता, दारातून दोन पावलं आत टाकून एक वाक्य बोलायचं होतं, तेही जमलं नाही.

बायकोने त्यांना थांबवलं ते देवळात नेऊन. गावदेवतेपुढे गाऱ्हाणं घालायचं ठरलं. आमच्याकडे कुठलंही संकट गाऱ्हाण्याशिवाय मिटत नाही. मानकऱ्याने नारळ हातात घेतला आणि खड्या आवाजात सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे इली आसत. ह्या म्हातारेच्या मागसून जां काय जनावर, वायट-वंगाळ इला आसात, तां येशीच्या भायर थांबव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मीही म्हणालो. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता, असं बायको नंतर कौतुकाने म्हणाली.

आई राहिल्या. डोहाळजेवणाला भाजी बाजारातून आली. आईंनी वाढली, पण स्वतः त्या दिवशी फक्त पेज घेतली.

मग राखण सुरू झाली. कोणाकडून तरी जुनी मासेमारीची जाळी आणून त्यांनी गच्चीवर दुहेरी मांडव घातला. स्वतः पायरीवर पोतं टाकून बसायच्या, हातात काठी. सकाळी दोन तास, दुपारी जेवून परत. पावसात डोक्यावर इरलं. माकडं आली नाहीत, तेव्हा त्यांना वाटलं राखणीमुळे आली नाहीत. त्यामुळे राखण आणखी वाढली. मी शाळेतून आलो की खालून त्यांचे पाय दिसायचे, पायरीवरून खाली सोडलेले, सुजलेले. मी चहा वर नेऊन द्यायचो. एवढंच.

आणि तरीही, त्या वर्षभरात मी त्यांचं जे काम बघितलं तसं दुसरं बघितलं नाही. सगळं परत पेरलं. कोपऱ्यात परत किड्यांची चवळी. या वेळी ठिपकेवाले किडे यायला दोन महिने लागले. तोवर मावा त्यांनी ओल्या फडक्याने, एकेक देठ बोटात धरून पुसला. पहिला ठिपकेवाला दिसला तेव्हा त्यांनी लेकीला ड्युटीवर फोन केला. "इलो गो! एकटोच आसा, पण इलो." पेशंट बघत असलेल्या माझ्या बायकोला कोण आलं ते कळायला वेळ लागला.

दुहेरी जाळीमुळे मधमाश्या आत येईनात. भोपळ्याला फुलं यायची आणि गळायची. आईंनी दोन दिवस बघितलं, मग तिसऱ्या सकाळी स्वतःच नराचं फूल तोडून, पाकळ्या मागे वळवून, मादीच्या फुलाला हलकेच टेकवायला लागल्या. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. फुलांना त्या नवरो आणि व्हकल म्हणायच्या, व्हकल म्हणजे नवरी. "आज व्हकलां तीन आसत आणि नवरो एकच," वरून आवाज यायचा, "काय करू आता? तिघींशी लगीन लावलां तर गावात घेवचे नाय तेका." शेजारीण खालून विचारायची, "काकू, मुहूर्त कधीचो?" "मुहूर्त टळलो तुझ्या बडबडीन!" परागीभवनाच्या धड्याला मी दोन मुलांना वर घेऊन आलो असतो तर त्यांना जन्मभर पुरलं असतं. आणलं नाही. गच्चीवर जायलाच मला भीती वाटत असे.

भाजी भरपूर झाली. आम्ही खाल्ली, शेजारी दिली, शाळेत पाठवली. मी ती खात होतो आणि 'छान झालीय' म्हणत होतो.

मग शिमगा आला. त्यांच्या गावात शिमग्याला देवीची पालखी घरोघर जाते. दार उघडं पाहिजे, दारात घरची बाई पाहिजे. आदल्या वर्षी माकडांचं प्रकरण ताजं म्हणून त्या गेल्या नव्हत्या. या वेळी त्यांच्या दिराचा फोन आला. आईंना कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर.

"वैनी, ह्या दुसरा वर्स झाला. पालखी बंद दारार टेकवन फिरवची काय? लोक इचारतत."

"भावोजी, मी येवचंय नाय."

"कशाक?"

"मी इलंय आणि परत जाताना ती माझ्या मागसून गेली तर? चेडवाच्या घरात परत इली तर?"

"कोण?"

"माकडां."

पलीकडून दीर म्हणाला, "वैनी, तुझा घर आसा ह्या. तुझ्या घोवान बांधलेला. तू तेचा दार उघडूचा नाय तर कोणी उघडूचा?" आईंनी फोन आपल्या चेडवाकडे, म्हणजे लेकीकडे, दिला आणि वर गेल्या.

मी मागोमाग गेलो. आता लिहायला सोपं वाटतं. जिन्याला चौदा पायऱ्या आहेत आणि मी दोनदा मागे फिरलो. वर त्या जाळीची एक गाठ सोडवून परत बांधत होत्या. गाठ ठीक होती.

"आई," मी म्हणालो, "माकडां येवक नाय हुती."

त्यांनी वर बघितलं नाही, जाळीलाच म्हणाल्या, "आता नाय येनत. जाळी आसा."

"आता न्हय. तेव्हा. तेव्हा पण येवक नाय. मी आंब्याचा औषध मारलंय, बाटली न वाचता. भाजी खावच्यासारखी रवली नाय. मगे मीच उपटलंय सगळा."

त्या वळल्या. माझ्याशी पहिल्यांदा सरळ बोलल्या.

"एकव माकड नाय?"

"एकव नाय."

"मिरचये तुमी उपटलास?"

"व्हय."

"माझो राखणदार?"

"तो औषधान."

त्या पायरीवर बसल्या. मला वाटलं रडतील. रडल्या नाहीत. हाताची बोटं मोजत होत्या, काय ते मला कळेना. मग लक्षात आलं, महिने मोजत होत्या. माघ, फाल्गुन, चैत्र, असं ओठांतल्या ओठांत. परत फाल्गुनापर्यंत आल्या आणि थांबल्या.

"शिरा पडो तुमच्या तोंडार," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी वर्सभर माझ्याच घरापासून पळतंय. माका वाटला माझाच नशीब वायट. रोज देवाक सांगतंय, माझा वायट माझ्या चेडवाक लागा नको. आणि तुमी खाली बसान पेपर वाचतास?"

मी उभा होतो.

"देवाकव फसवलास."

"व्हय."

"मोठ्यान वरडलास तां ऐकलंय मी. माका वाटला, जावय माझ्यासाठी वरडता."

खालून बायको कधी वर आली होती, मला माहीत नाही. ती दारात उभी होती. ती मला काही बोलली नाही, तेव्हाही आणि पुढचे तीन आठवडेही. माझ्या गप्प राहण्याचा एवढ्या वर्षांत तिला किती त्रास झाला असेल, त्याचा अंदाज मला त्या तीन आठवड्यांत आला.

शिमग्याला आम्ही तिघं गेलो. आईंनी स्वतः कुलूप काढलं, शेणाने सारवलं, दारात रांगोळी घातली. पालखी आली तेव्हा त्या उंबऱ्यात उभ्या होत्या, हिरव्या काठाचं लुगडं नेसून. मी आजवर बघितलेल्या सगळ्या बायकांत मला त्या उंच वाटल्या, आणि त्या माझ्या खांद्याला लागतात. पालखी पुढे गेल्यावर अंगणात भावकी जमली. दीर म्हणाला, "मगे वैनी, माकडांचा काय झाला?"

"घेवन इलंय ना सोबत," आई म्हणाल्या आणि हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. "ह्या काय उभा आसा. पँट घालता, म्हणान वळखूक येवक नाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं, भर अंगणात, काही न वगळता. लोक हसले, कोणी 'अरेरे' म्हणालं, एका म्हाताऱ्याने माझ्याकडे बघून जमिनीवर थुंकलं. मी तिथून हललो नाही. आयुष्यात इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं, आणि इतकी लाजही.

दुसऱ्या दिवशी निघताना आई गाडीत बसल्या नाहीत. "मी हंय ऱ्हवतंय," लेकीला म्हणाल्या. "किती दिवस?" "तां माका ठरवूदे. आतापर्यंत दुसऱ्यांनीच ठरवल्यानी." बायकोने गाडीतलं त्यांचं गाठोडं उतरवलं. गाडी सुटताना त्या खिडकीशी आल्या आणि मला म्हणाल्या, "वांग्याक फूल इला आसा. पाणी सकाळचा घालूचा. आणि कसलोव किडो दिसलो तरी आधी फोन करूचो. हात लावचो नाय."

त्याला आता दोन वर्षं होत आली. त्या दोन-तीन महिने तिथे असतात, मग एखादा महिना आमच्याकडे, मनाला येईल तसं. कधी येणार ते सांगत नाहीत. गच्ची माझ्याकडे आहे. मी रोज सकाळी पानं उलटी करतो आणि जे दिसेल ते फोनवर सांगतो. त्या चौकशी करतात, डॉक्टर करतो तशी. लव आसा काय? दाबल्यार हिरवा पाणी येता काय पिवळा? मुंगळे थंय जातत काय? अर्ध्या वेळेला मला उत्तर देता येत नाही, मग परत वर जाऊन बघून यावं लागतं. तीस वर्षं शिकवलं, पण बघायला मी आत्ता शिकतोय.

एकदा धीर करून मी विचारलं, की आई, तुमच्या मनात अजून आहे का ते. पलीकडे काहीतरी निवडण्याचा आवाज येत होता, सुपातला.

"आसतला," त्या म्हणाल्या. "इसरूचंय नाय मी. पण फोन करत ऱ्हवा."

परवा सकाळी दोन वांगी माना टाकून पडलेली दिसली. पानावर कीड नव्हती, शेंडा चांगला होता. खोक्यात खोल हात घातला तर माती गारेगार. आदल्या आठवड्यात मी रोज दोनदा पाणी घालत होतो. उन्हाळा म्हणून, माझ्याच मनाने. फोन लावला.

"आई, दोन वांगी मेली."

"कसल्यान?"

"माझ्यामुळे. पाणी जास्त घातलंय."

पलीकडे सूप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मुळां बघितलास?"

"नाय अजून."

"उपटा आणि बघा. काळी आसत तर बाकीच्यांचा पाणी आजच बंद. पांढरी आसत तर दुसरा काय तरी आसा. बघा आणि सांगा, मी धरून आसंय."

फोन चालूच ठेवून मी रोपाच्या बुंध्याला हात घातला.